आतल्या कडेचं नाव

१

माझं गाव कुंभार पिंपळगाव. तिथं बाया मडकं घेताना बोटानं वाजवून घेतात, तशीच मी गाण्याची लाखेची तबकडी वाजवून घेत असे. नखाची एक टिचकी मारायची. अखंड असली की खणकन बोलते, केसाएवढी चीर असली तरी बद्द वाजते. ही माझी पहिली परीक्षा. दुसरी उन्हाची. दुकानाच्या पायरीवर बसून तबकडी तिरपी धरली की घासलेल्या रेघा राखेसारख्या करड्या दिसतात, न घासलेल्या काळ्याभोर. तिसरी परीक्षा कानाची. नवी सुई लावून सुरुवातीचे वीस फेरे ऐकायचे आणि शेवटचे वीस. शेवटचे अशासाठी, की सुई बाहेरून आत जाते आणि आतल्या कडेलाच जास्त ओरबाडते. शिवाय जुन्या तबकड्यांत गाणारी बाई गाणं संपलं की स्वतःचं नाव सांगते. तबकडीवरचा नावाचा कागद फाटला असला तर त्या नावावरून ओळख पटते.

फसली १३४८ सालची, निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. जुन्या जालन्यात, कापड आणि धान्याच्या दुकानांच्या गल्लीत लालचंदजींचं दुकान होतं. जुने फोनो, म्हणजे चावीचे ग्रामोफोन, आणि जुन्या तबकड्या घ्यायच्या आणि विकायच्या, हा त्यांचा धंदा. बदली झालेले रेल्वेचे साहेब, मोडलेल्या नाटक कंपन्या, उतरती कळा लागलेले जहागीरदार, सगळ्यांची गाणी शेवटी आमच्या पायरीवर येत. मी पूर्वी पटवाऱ्याच्या हाताखाली होतो, म्हणून जमिनीला लावतात तीच प्रत मी तबकडीला लावू लागलो. अव्वल, दोयम, सोयम आणि बाद. चिठ्ठीवर प्रत लिहायची, खाली सही, रामराव. ती चिठ्ठी पाहून परभणीचं गिऱ्हाईकसुद्धा न ऐकता माल उचलत असे. मला त्याचा गर्व होता, तो लपवत नाही.

माझा एकच नेम होता. एक तबकडी, एकदाच वाजवायची. वाजली की झिजते, आणि पारखणाऱ्यानंच माल खाल्ला तर गिऱ्हाइकानं काय चाटायचं?

घरी आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको पुष्पाबाई. मूलबाळ नाही. तिचा आवाज गल्लीत नावाजलेला. हळदीला, बारशाला तिला बोलावणं असायचंच. पहाटे ती जात्यावर बसली की जात्याच्या घरघरीतून तिची ओवी माझ्या अंथरुणापर्यंत यायची, आणि मी जागा असून झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत पडायचो. तिला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. दिवसभर परक्या बायांचे आवाज तोलणाऱ्या माणसाला घरी येऊन बायकोची तारीफ करायची लाज वाटायची.

तिनं माझं नाव फक्त एकदा घेतलं. लग्न होऊन आलो त्या दिवशी बायांनी उंबऱ्यावर अडवलं, तेव्हा तिनं उखाणा घेतला होता:

फिरत्या चाकावरती बसते ओली माती,
रामरावांचं नाव घेते, उंबऱ्यावर लावून वाती.

त्याला वीस वर्षं झाली. पुढं मी कितीदा म्हणालो, परत एकदा घे. ती हसून म्हणायची, एकदा घेतलं ते पुरे, नाव काही उतू चाललेलं नाही.

२

दिवाळी होऊन गेली होती. बद्रीनाथ गाडीवान अंबडकडच्या एका वस्तीवरून तबकड्यांचं गाठोडं घेऊन आला. बारा होत्या. एका कारकुनाच्या घरचा माल, कारकून वारलेला, विधवेनं काढून टाकला होता. अकरा तबकड्या सरळ होत्या, दोयम-सोयम, काही पापडासारख्या वाकलेल्या.

बाराव्या तबकडीचा कागद खरवडून काढलेला होता. टिचकी मारली तर खणकन वाजली. पण उन्हात धरली आणि मी चक्रावलो. इतकी झिजलेली तबकडी मी जन्मात पाहिली नव्हती. काठापासून मध्यापर्यंत एकही काळी रेघ नाही, सगळी राख. एवढी झिजायला ती किती हजार वेळा वाजली असेल?

बद्रीनाथ पायरीवर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "ही प्लेट गाडीत टाकताना त्या बाईनं माझं मनगट धरलं. सोडीचना. मला वाटलं दाम कमी पडला. आणखी दोन रुपये ठिवले तिच्या पुढं, तरी मान हालवून राह्यली."

काय म्हणाली, असं मी विचारलं.

"काय म्हनंल? मुकी हाये ती. आधी चांगली बोलायची म्हने. लोक सांगत्यात, नवरा तिला समोर बशीवून रोज दुपारी फोनो लावायचा. गाणं-बिणं काई न्हाई, निस्ती खरखर."

खुळ्यांचा काय तोटा, असं म्हणून मी सुई टेकवली. खरखरच होती. तिच्या तळाशी कुठंतरी एक बाई गात असावी, पण गोणपाटाखाली मांजर ओरडावं इतकंच कळत होतं. दर फेऱ्याला एक टक् येत होती. गाणं संपलं, नावाची जागा आली. एक श्वास ऐकू आला, आणि मग पुन्हा खरखर. नाव नाही.

चिठ्ठीवर मी 'बाद' लिहिलं आणि तबकडी कोपऱ्यात टाकली.

३

दुसऱ्या दिवशी लालचंदजी गालातल्या गालात हसत होते. मी घरी गेल्यावर एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला फोनोची चावी कशी चालते ते दाखवायला त्यांनी हाताला लागली ती बाद प्लेट लावली. म्हणाले, "रामराव, बाद कहाँ है जी? ती तर सोयमपेक्षा बराबर वाजते. कान म्हातारे झाले का तुमचे?"

चेष्टाच होती. पण ती मला अशी झोंबली की मी चप्पल काढायच्या आधी तबकडी काढली. नेम मोडतोय हे मला कळत होतं. पण माझ्या चिठ्ठीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं आजवर.

खरखर कमी झाली होती. बाई गात होती हे आता निश्चित कळत होतं.

मी स्वतःला समजावलं. काल सुई बोथट असेल. तबकडीत धूळ असेल, एका वाजवण्यानं ती निघाली असेल. कारणं सापडायला काय, शोधणाऱ्याला दगडातही सापडतात. खातरी करायला पुन्हा लावली. नंतर पुन्हा. दर वेळी आवाज थोडा वर आला. उन्हात धरली तर बाहेरच्या काठाला बोटभर रुंदीची काळी कड दिसत होती. झिजलेली तबकडी भरून येत नसते. मी ती पुसली, दुसऱ्या बाजूच्या उन्हात धरली, पण कड तिथंच होती.

त्या दिवशी घरी गेलो तेव्हा पुष्पाबाईनं आतून जेवायला हाक मारली. हाकेत काहीतरी किरकिरत होतं. जिनिंगचा हंगाम आहे, कापसाचं तूस घशात गेलं असेल, असं मी म्हणालो. ती म्हणाली, घसा तर बिलकुल दुखत नाही.

४

पुढचे आठ-दहा दिवस मी ती तबकडी रोज वाजवली. आधी चूक शोधायला वाजवत होतो. मग, खरं सांगायचं तर, आवाजासाठी.

पेटी नाही, तबला नाही. एकटी बाई, कोणालाही ऐकवायचं नसल्यासारखी गात होती. शब्द अजून फुटत नव्हते, पण आवाज असा की गल्लीतले हमाल पोतं पाठीवर घेऊन पायरीशी थांबायचे. चिठ्ठी मी सोयम केली, मग दोयम, आणि एका गुरुवारी वर 'अव्वल' लिहून सही ठोकली. लालचंदजी खूश झाले. त्यांनी ती अव्वल मालाच्या फळीवर ठेवली. म्हणाले, नाव मिळालं तर हैदराबादला दाम येईल. मी म्हणालो, असा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकलेला नाही.

आणि मूर्खासारखं हेच मी घरी जाऊन पुष्पाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. माझ्या तोंडून तिनं कुठल्याही बाईच्या गळ्याची तारीफ पहिल्यांदाच ऐकली असेल.

"असल," ती म्हणाली. त्या तीन अक्षरांतही खरखर होती.

जात्यावरची ओवी तिनं बंद केली होती. मी तिला वैद्याकडे नेलं, मग हकीमसाहेबांकडे. दोघांनी घसा पाहिला, दोघांनाही काही सापडलं नाही. मध, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, सगळं झालं. तिचा आवाज रोज थोडा खाली बसत होता.

एका सकाळी ती गहू निवडत होती, मी दाढी करत होतो. ती शेजारच्या उषाबाईच्या मुलीचं काही सांगत होती, आणि माझ्या कानानं, माझ्या मेल्या शिकलेल्या कानानं, तिच्या बोलण्यात एक टक् पकडली. मग दुसरी. वाक्य संपलं, ती थांबली, तोंड मिटून सूप पाखडू लागली, तरी टक् येतच राहिली. मी वस्तरा खाली ठेवला आणि घड्याळ काढून मोजू लागलो.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.

तबकडी मिनिटाला तेवढेच फेरे घेते.

"असं काय बघून राह्यले?" तिनं विचारलं. काही नाही, म्हणालो. हसलोसुद्धा. नाडीसुद्धा तेवढीच पडते की, असं मनाला सांगितलं. तिचं मनगट धरून नाडी मोजायची मात्र हिंमत झाली नाही. दुकानात जाऊन तबकडी लावली. पहिल्या दिवशी दर फेऱ्याला येणारी टक् तिच्यातून गेलेली होती.

५

मी अडाणी नाही. ज्याच्या-त्याच्या मागे भूत पाहणाऱ्यांची मी नेहमी टर उडवत आलो आहे. म्हणून मी पारख करायचं ठरवलं.

पाच दिवस तबकडीला हात लावला नाही. लालचंदजींनाही सांगितलं, अव्वल माल उगाच झिजवू नका. पाचही दिवस पुष्पाबाईचा आवाज होता तिथंच राहिला. सुधारला नाही, पण खालीही गेला नाही. पाचव्या दिवशी तर ती दोन ओळी गुणगुणली, खरखरत का होईना.

इथंच थांबायला हवं होतं. शहाण्या माणसाला एवढा पुरावा पुरला असता. पण योगायोग असू शकतो, असं माझं मन म्हणत होतं, आणि दुसऱ्या बाजूनं पाहिल्याशिवाय प्रत लावणं माझ्या धंद्यात बसत नव्हतं. तेवढं एकदाच, म्हणालो. हे एकदाच मला मरेपर्यंत पुरणार आहे.

सहाव्या दिवशी दुपारी लालचंदजी जेवायला गेले होते. मी नवी सुई लावली. आता शब्द स्वच्छ होते. ती जात्यावरची ओवी होती. वीस वर्षं पहाटे पांघरुणात पडून ऐकलेली. मी तिला आजवर ओळखलं नाही, कारण जात्याच्या घरघरीशिवाय तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. घरघर पुसून टाकल्यावर तो कसा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. जालन्यातला सगळ्यात तयार कान म्हणे!

ओवी संपली. नावाची जागा आली. एक श्वास, आणि मग अगदी जवळून, थोडं लाजत:

फिरत्या चाकावरती बसते ओली माती,
रामरावांचं नाव घेते, उंबऱ्यावर लावून वाती.

सुई आतल्या रिकाम्या चक्रात फिरत राहिली. मी तसाच उठलो आणि घराकडे धावलो.

पुष्पाबाई दारातच होती. तिनं काहीतरी विचारलं. मला ओठ दिसले, आवाज वाळूखालून आल्यासारखा आला. मी तिला हातानं खूण केली, बोलू नकोस, आलोच. ती तबकडी आणायची, कुलपात घालायची, पुन्हा सुईला दाखवायची नाही. एवढंच डोक्यात होतं. जो उरला आहे तो आवाज तरी राहील.

दुकानात पोचलो तर फोनो रिकामा होता.

लालचंदजी पान लावत होते. मोठ्या आनंदानं म्हणाले, "स्टेशनच्या रस्त्यावरचा पुंजाराम आल्ता, हॉटेलवाला. ऐकलीपण न्हाई त्यानं. तुमची चिठ्ठी पाहिली आणि घेऊन गेला."

६

हॉटेल दिसायच्या आधी आवाज आला. भर बाजारात, सायकलींच्या घंट्यांतून, माझी बायको गात होती. लोक मान डोलवत चहा पीत होते. मी वाट काढत आत शिरेपर्यंत उखाणा झाला, चार जण हसले, कोणीतरी पुन्हा लाव म्हणालं, आणि पुंजारामनं सुई उचलून परत बाहेरच्या काठावर ठेवली.

मी झडप घालून सुई उचलली.

किती वेळा, असं मी विचारलं. त्याला वाटलं, मी भांडायला आलो आहे.

"लई न्हाई. चार-पाच येळा झाली आसंल. गिऱ्हाईक उठूच देईना. कामून, काय झालं?"

तबकडी परत द्यायला तो तयार होईना. मी खिशातलं घड्याळ काढून त्याच्या गल्ल्यावर ठेवलं आणि तबकडी शर्टाच्या आत घालून निघालो. बाहेर येऊन उन्हात धरून पाहिली. काठापासून मध्यापर्यंत काळीभोर. सुई कधी लागलीच नसावी इतकी.

७

पुष्पाबाई उंबऱ्यावर बसली होती. मला पाहून तिनं तोंड उघडलं. तिच्या ओठांवर "अहो" होतं. तोंडातून आला तो रिकाम्या चक्रात फिरणाऱ्या सुईचा आवाज. खर्र, खर्र, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. ती स्वतःच दचकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेव्हापासून तिनं ते बोलण्यासाठी उघडलेलं नाही.

माझा राग अनावर झाला, आणि तो माझ्यावरचा होता. मी तबकडी बाहेर काढली आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटायला हात उचलला. फुटली तर काय सुटेल आणि काय संपेल, याचा विचार त्या क्षणी केला नव्हता.

पुष्पाबाईनं माझं मनगट धरलं.

घट्ट धरलं, सोडेना. मी तिच्याकडे पाहिलं. ती मान हलवत होती, आणि दुसऱ्या हाताची बोटं हवेत गोल फिरवत होती, फोनोची चावी फिरवावी तशी. बद्रीनाथनं सांगितलं ते मला तेव्हा आठवलं. त्या बाईला दाम नको होता.

लालचंदजींकडून पगाराच्या बदल्यात मी एक जुना फोनो घरी आणला. आधी मनात एक हिशेब होता. तबकडी भरली तशी हिचा गळा रिकामा झाला, तर तबकडी झिजवली की गळा भरेल. पहिल्या दिवशी मुद्दाम बोथट सुई लावली. तबकडी झिजली. इतर कुठल्याही तबकडीसारखी, इमानानं झिजली. हिचा गळा मात्र भरला नाही. महिनाभरात मला कळून चुकलं की आता जे जातं ते कुठंच जात नाही, नुसतं जातं. मी तबकडी कापडात बांधून माळ्यावर ठेवली.

ती पुष्पाबाईनं उतरवली.

रोज दुपारी, भांडी झाली की ती फोनोसमोर येऊन बसते आणि बोटं गोल फिरवते. मी नाही म्हणून पाहिलं. झिजते आहे, संपेल, हे उन्हात धरून दाखवलं. तिला सगळं कळतं. तरी ती बोटं फिरवते. स्वतःची ओवी ऐकताना तिचे ओठ हलतात आणि चेहरा लग्नातल्यासारखा होतो. मग मी नाही म्हणू शकत नाही. आता आवाज आवडतो हे मी तिला रोज सांगतो. वीस वर्षं उशिरा सांगतो.

उषाबाई परवा भिंतीवरून विचारत होती, पुष्पाबाईची ओवी आताशा गोणपाटातून आल्यासारखी का वाटते? मी म्हणालो, फोनो जुना आहे.

आज सकाळी पायरीवर बसून मी प्रत लावली. सोयम. एरवी तबकडी आतून आधी झिजते. ही बाहेरून आत झिजत चालली आहे. राख मधल्या कागदापासून दोन बोटांवर आली आहे. उखाणा अगदी आतल्या कडेला आहे, त्याच्या रेघा अजून काळ्या आहेत.

पुष्पाबाईनं भांडी आवरली. चावी दिलेली आहे. ती सुयांची डबी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आहे.